तेहतिसावं घर: भयपटाच्या सिक्वेलचं संगीत नव्याने बांधताना

'हेलबाउंड: हेलरेझर २'च्या संगीतातला काही भाग अकरा वादकांसाठी बांधायला घेतला, तेव्हा तीन महिन्यांत होईल असं वाटलं होतं. लागलं दीड वर्ष. त्यातले पाच महिने एका चुकीपायी वाया गेले, आणि ती तुमच्याकडूनही होईल अशी मला भीती वाटते, म्हणून लिहायला बसले. नोटेशन वाचता येतं, ट्रान्सपोझिंग वाद्यांची ओळख आहे, एवढं गृहीत धरते.

सुरुवातीलाच सांगते, पहिल्या भागाचं संगीत ऐकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. ख्रिस्तोफर यंग यांनी १९८७चा पहिला आणि १९८८चा दुसरा अशा दोन्ही चित्रपटांना संगीत दिलं. पहिल्यात एक मेलेला माणूस लाकडी जमिनीखालून पुन्हा देह धरतो. बघवत नाही असं दृश्य, आणि त्याखाली चालू असतो वॉल्ट्झ, तीनाच्या झोक्यावरचा, भरजरी, जवळजवळ प्रेमात पडलेला. दुसऱ्या भागात वाद्यवृंद विस्तारतो, गायकवृंद येतो, आणि ओळखीची सुरावट प्रचंड होऊन समोर उभी राहते. तिचा धाक वाटतो तो ती ओळखीची असल्यामुळे. सिक्वेलच्या संगीतकाराला ऐकणाऱ्याची ही आठवण आयती मिळालेली असते. तो तिचं काय करतो ते पाहायचं. प्रत्येक सिक्वेलला हे लागू होत नाही, हेही खरं. फ्रान्झ वॅक्समन यांनी १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'ला संगीत दिलं, पण १९३१च्या पहिल्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळपास नव्हतंच. त्यांना आठवायला काही नव्हतं, सगळं नव्याने उभारावं लागलं. आपल्या हातातला सिक्वेल कुठल्या जातीचा आहे ते आधी ठरवा.

आता शॉर्टकटबद्दल. एका क्लिकवर वाद्यं वेगळी करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत. पहिले सहा महिने ती उघडूसुद्धा नका. हॉर्नच्या पोटात ट्रॉम्बोन दडलेला असतो, व्हायोलाच्या आड बास क्लॅरिनेट श्वास घेत असतं. हे कानानेच सापडायला हवं, कारण नंतर कमी वाद्यांत तोच रंग तुम्हाला मिसळायचा असतो. माझे गुरू कमी बोलायचे. आठ बार लिहून नेले की म्हणायचे, "अजून एक वाद्य आहे यात, शोध." तेव्हा राग यायचा. पण सगळं समजावून सांगणाऱ्या गुरूपेक्षा असा गुरू मिळाला तर सोडू नका.

क्लस्टरची धास्ती मात्र घेऊ नका. लगतचे स्वर एकदम वाजवून केलेला तो थर कागदावर भयंकर दिसतो. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांनी १९६० साली ५२ तंतुवाद्यांसाठी असे थर रचले. भयपटांच्या संगीतकारांनी त्या भाषेतून भरपूर घेतलं. तुमच्याकडे माझ्यासारखी पाचच तंतुवाद्यं असतील, तर दहा स्वरांतले पाच निवडून वाटून देऊ नका. पाच माणसं पाच चुकीचे स्वर वाजवताहेत असं ऐकू येतं. मी दोन व्हायोलिन अगदी वरच्या सप्तकात अर्ध्या स्वराच्या अंतरावर ठेवली, म्यूट लावून, गज घोडीजवळ. व्हायोला खालच्या व्हायोलिनच्या स्वरावरच सुरू होऊन हळूहळू मींडेने पाव स्वर खाली सरकतो. तीन माणसांत अंगावर काटा येतो. खालच्या सप्तकात पियानोवर क्लस्टर दिला की नुसता चिखल होतो, तो मोह टाळा. गायकवृंदाची जागा सिंथने भरू नका. ज्या वादकांना त्या वेळी वाजवायचं नाही त्यांना तोंड मिटून गुणगुणायला सांगा. लाजतात, पण करतात.

आता माझी चूक. चित्रपटात लेव्हिएथन नावाची ती अजस्र, फिरती आकृती दिसते, तेव्हा हॉर्नसारखा खर्जातला नाद घुमतो. लांब, लांब, तोकडा. मग तीन लांब. मग लांब, तोकडा, तोकडा. मोर्स लिपीत ही तीन इंग्रजी अक्षरं होतात आणि शब्द होतो 'गॉड'. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरीही चुकले. मी ती एक गमतीची माहिती म्हणून डोक्यात ठेवली होती. तीच या प्रसंगाची लय आहे हे कळलं नव्हतं.

मोर्सचं माप पक्कं असतं. वेळेच्या सगळ्यात लहान मापाला 'घर' म्हणू. तोकडा नाद एक घर, लांब तीन घरं. एकाच अक्षरातल्या दोन नादांमध्ये एक घर मोकळं, दोन अक्षरांमध्ये तीन. चित्रपटातला नाद मेट्रोनोमवर असा काटेकोर बसत नाही. वादकांना धरायला काहीतरी ठाम हवं, म्हणून मी शुद्ध मोर्सचं माप घेतलं आणि एक घर म्हणजे एक सिक्स्टीन्थ धरला. बेरीज करून बघा. पहिलं अक्षर ९ घरं, मोकळी ३, दुसरं ११, मोकळी ३, तिसरं ७. एकूण ३३.

चार-चारच्या बारमध्ये १६ घरं, दोन बारमध्ये ३२. तेहतिसावं घर तिसऱ्या बारमध्ये सांडत होतं. संगणकाच्या पडद्यावर तो एकटा तोकडा स्वर कीबोर्डवर चुकून बोट लागल्यासारखा दिसत होता. मी तो पुसला. दोन बारची देखणी चौकट तयार झाली आणि तिच्यावर मी पाच महिने इमारत चढवली. तंतुवाद्यांचे थर, टिंपनीचे ठोके, बास क्लॅरिनेटची आस, सगळं त्या दोन बारच्या आवर्तनात चपखल बसवलं. ऐकताना काहीतरी निसटतंय असं वाटायचं. मला वाटलं थर पातळ झालेत, म्हणून आणखी स्वर भरत गेले.

गुरूंनी एकदा पान समोर ठेवलं आणि म्हणाले, "फक्त हॉर्न. बोटाने टेबलावर वाजव." वाजवलं. पहिलं अक्षर बरोबर, दुसरं बरोबर, तिसरं लांब, तोकडा... आणि संपलं. लांब आणि एकच तोकडा म्हणजे वेगळं अक्षर. माझा देव 'गॉन' झाला होता. ते काहीच बोलले नाहीत, पान परत सरकवलं.

म्हणून कळकळीने सांगते, सॉफ्टवेअरच्या चौकटीत न बसणारा स्वर दिसला की पुसू नका. क्वान्टाइझचं, म्हणजे स्वर आपोआप चौकटीत बसवणारं, बटण दाबण्याआधी तो स्वर तिथे का आहे याचं उत्तर स्वतःला द्या. उत्तर मिळेपर्यंत त्याला वेडावाकडा राहू द्या. सगळं परत लिहावं लागलं तरी घाबरू नका, दुसऱ्यांदा फार लवकर होतं. मला पाच महिन्यांचं काम साडेतीन आठवड्यांत उभं करता आलं.

उपाय मोर्सनेच दिला. दोन शब्दांमध्ये सात घरं मोकळी सोडायची असतात. ३३ आणि ७ मिळून ४०, म्हणजे बरोबर दहा बीट, झपतालाइतकं आवर्तन. पाच-चारचे दोन बार केले, तर दुसऱ्या अक्षराचा तिसरा लांब नाद नेमका दुसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर येतो. बारची रेघ ओलांडायला टाय लागत नाही. हे पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

किरकोळ दोन गोष्टी. हॉर्न एफमध्ये असतो, ऐकू येणाऱ्या स्वराच्या पाचवा वर लिहायचा. खर्जात सलग वाजवून ओठ थकतात, म्हणून दोन हॉर्न आणि ट्रॉम्बोन आळीपाळीने ठेवा. आणि स्वतःच्या अभ्यासासाठी बांधणं वेगळं, लोकांसमोर सादर करायचं किंवा प्रसिद्ध करायचं असेल तर हक्कदारांची परवानगी आधी घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, चिठ्ठी लवकर पाठवा.

पहिल्या तालमीत हॉर्नवाला चार वेळा तिसऱ्या बीटवरच थांबला. त्याला वाटायचं वाक्य तिथे संपलं. मी त्याला मोर्स सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. त्याने पेन्सिलीने शेवटच्या स्वराभोवती गोल काढला. पाचव्यांदा दुसऱ्या बारच्या चौथ्या बीटवर तो तोकडा स्वर वाजला, मग सात घरं कोणीच काही वाजवलं नाही, फक्त व्हायोलाची मींड खाली सरकत होती.