आईच्या गुंतवळाचं लॉकेट घरी कसं करायचं

आमच्या बेळगावात केसावर भांडी देणाऱ्या बाया गल्लीत यायच्या, त्यांच्यासाठी आई रोज फणीतला गुंतवळ गोळा करून भिंतीच्या फटीत कोंबून ठेवायची. ती गेल्यावर शेवटचा गुंतवळ तिथंच सापडला आणि काय केल्या टाकवेना.

गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवू नयेत म्हणणारे भेटतात, म्हणू देत. तिकडं इंग्लंडात १८६१ ला व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट वारला तर ती त्याचे केस घातलेलं लॉकेट गळ्यात घालायची, आणि तिथल्या बायका असले दागिने घरीच विणायच्या कारण सोनार दुसऱ्याच कुणाचे केस घालून देईल ही भीती. म्हणून सांगते, केस दुसऱ्याच्या हातात देऊच नका.

गुंतवळ कोमट शाम्पूच्या पाण्यात तासभर भिजवा, मग एकेक केस ओढून काढा, घाई केली की तुटतात. वीतभर लांबीचे साठ तरी पाहिजेत. आता महत्त्वाचं, सगळ्यांची मुळं एका बाजूला यायला हवीत नाहीतर परत गुंता होतो. मुळाशी बारीक पांढरी गाठ दिसते, नाही दिसली तर केस चिमटीत धरून बोटं सरकवा, गुळगुळीत लागलं की शेंड्याकडं चाललाय, खरखरीत लागलं की मुळाकडं.

वीस-वीस केसांचे तीन पदर करा, मुळाकडनं दोऱ्यानं एकत्र बांधा आणि पाटावर टाचणीनं पक्कं करा. प्रत्येक पदराच्या शेंड्याला सायकलवाल्याकडचा एक बारका नट बांधायचा, त्या वजनानं पदर ताठ राहतात. पूर्वी ह्या कामाला शिशाची वजनं लावायचे. केस ओले ठेवूनच वेणी घाला, टोकाला फेविकॉलचा थेंब, आणि गोल करून रात्रभर सुकवा. माझ्या पहिल्या दोन वेण्या सुटल्या ओ, तिसरी जमली, म्हणून सगळे केस एकदम वापरू नका.

सोनाराकडनं काचेचं चांदीचं लॉकेट रिकामंच आणायचं, डाक लावायचं, म्हणजे सांधे जोडायचं, काम आधीच उरकून घ्या, आच लागली की केस जळतात. वेणी आत आपणच बसवायची. आंघोळीला काढून ठेवा, आत पाणी गेलं की काच धुरकट होते.

माझ्या वेणीत तीन पांढरे केस आलेत, नीट दिसतात. तुमच्यात आले तर वेचून काढू नका.