हाताआधी पडदा नको: प्राथमिक वर्गात या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. भरती-ओहोटीचा पाठ आला की आधी टीव्ही लागतो, चंद्र-पृथ्वी फिरतात, मुलं बघतात आणि विसरतात. शाळेपासून हाकेच्या अंतरावर खाडी असताना हे पाहून जीव तुटतो. आधी धक्क्यावर जा (पावसाळी उधाणात मात्र अजिबात नाही). बांबूवर दर दहा सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करून तो धक्क्याला घट्ट बांधा. अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी कुठवर चढलं ते मुलांनाच वहीत लिहू द्या. मोबाइलचं खरं काम इथे आहे. तो एका जागी पक्का ठेवून दर दहा मिनिटांनी फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ते भराभर सरकवले की चार तासांचं पाणी अर्ध्या मिनिटात चढताना दिसतं. चंद्राचा व्हिडिओ यानंतर लावा, तेव्हा मुलांकडे विचारायला प्रश्न असतात.

गणितही इथेच सापडतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मुलांनी आधी हिशेब करावा, मग मोबाइलवरच्या भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा. किती मिनिटांचा फरक पडला, यावर वर्गात छान वाद होतो. तो होऊ द्या, उत्तर सांगायची घाई नको.

दुसरी चूक: प्रयोग बाईंनी करायचा आणि मुलांनी माना उंचावून बघायचा. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला घट्ट रस, घराघरांत असतं. चौघांत एक वाटी द्या. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते फसफसतं, लाल रंग पालटतो. वर लिंबू पिळत गेलं की पुन्हा लालीकडे वळतो. हे स्वतःच्या बोटांनीच व्हायला हवं. फोटोसाठी मुलांना मध्येच थांबवून उभं करू नका, त्यांचं लक्ष तिथेच तुटतं.

पुस्तकातला क्यूआर कोड ऐन तासाला स्कॅन करत बसू नका. रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आणि शाळा खाली वाडीत, हे आपल्याकडे नेहमीचंच. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा हवा तो भाग आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. पावसाळ्यात वीज जाणार हेही धरूनच चाला. प्रोजेक्टर पावसाळाभर कपाटात कोंडू नका, भिंगाला बुरशी धरते.

आणि मोबाइल दरवेळी वर्गातल्या हुशार मुलाच्याच हाती जातो, ते थांबवा. एक मोजेल, एक लिहील, एक फोटो काढेल. पुढच्या वेळी कामं फिरवा. गावातल्या तांडेलकाकांना (मासेमारी होडीच्या प्रमुखांना) शाळेत बोलवा आणि वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीला त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू द्या. काका मालवणीतच बोलू देत. ते पुन्हा पुन्हा ऐकून मुलं स्वतःच्या शब्दांत लिहून काढतील.