मनाली–लेह रस्त्यावर गाडी नेताय? या चुका टाळा

कसारा, वरंधा, आंबेनळी अशा घाटांत हात बसला की मनाली–लेहही जमेल, असं आपल्याला वाटतं. हात कामी येतोच, पण तिथे आधी शरीर थकतं. आपलं कळसूबाई 1646 मीटर. जिथून प्रवास सुरू होतो ती मनालीच त्याहून सुमारे 400 मीटर उंच. पुढे बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) जवळपास 4900 मीटर आणि टांगलांग ला 5300 मीटरच्या वर.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्याच रात्री सरचूला मुक्काम करण्याची चूक. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला, रोहतांग खिंड चढण्या-उतरण्याचा वेळ वाचला. ‘अजून उजेड आहे, जाऊ पुढे’ म्हणत लोक संध्याकाळी सरचूच्या तंबूत पोचतात. ही जागा जवळपास 4300 मीटरवर. रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. आणि तेव्हा कळतं की इथून सरळ खाली जाणारी वाटच नाही! मागे फिरा तर बारालाचा चढायचा, पुढे जा तर नकी ला आणि लाचुंग ला. आजारी माणसाला खाली न्यायला आधी वर न्यावं लागतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: सरचूच्या अलीकडे, कमी उंचीवरच्या केलाँग किंवा जिस्पाला थांबा, जमल्यास दोन रात्री. मग पहाटे अंधारात निघा आणि टांगलांग ला उतरून लेहच्या अलीकडच्या उपशीच्या बाजूला मुक्काम करा.

डोकेदुखीची गोळी घेऊन चढत राहू नका. चालताना झोक जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, तर थांबून बघायचं नाही. जवळच्या कमी उंचीच्या गावाकडे निघायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर घरूनच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असल्यास आवर्जून सांगा.

पहाटे निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे रस्त्यावरून वाहणारे नाले. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी फुगतं. आधी एखादा ट्रक कुठून जातो ते पाहा, मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता पार व्हा.

सरचूच्या पुढे चढावर लागणाऱ्या गाटा लूप्सच्या 21 वळणांवर गाडी दमली तर घाबरू नका, विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होतेच. खालचा गिअर टाका. अर्धा क्लच दाबून रेटत राहिलात तर जळका वास येईल. आलाच तर गाडी बाजूला घेऊन क्लच थंड होऊ द्या. टांगलांग ला उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. ब्रेकचं पेडल मऊ लागलं की गिअर एकेक खाली आणा, सुरक्षित जागी थांबा, चाकांवर पाणी ओतू नका.

केलाँगच्या अलीकडे तांडीच्या पेट्रोल पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. टाकी तिथे काठोकाठ भरा; खालच्या गिअरमध्ये इंधन नेहमीपेक्षा जास्त जातं.