क्लब गाळात, मालक मजेत: मुंबईत बसून फॅनने रागवायचं कसं

सगळ्यात आधी एक ठरवून टाका, राग नक्की कोणावर आहे. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण मॅच हरलो की शेवटच्या दहा मिनिटांत जो चुकला त्यालाच आपण धरतो, म्हणजे गोलकीपर नाहीतर तो बदली (सब) म्हणून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि ज्याच्यामुळे ही वेळ आली तो टीव्हीवर दिसतच नाही. मी मँचेस्टर युनायटेडवाला (इंग्लंडचा फुटबॉल क्लब), त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार. तुम्ही स्पर्सचे (म्हणजे टॉटनहॅमचे) किंवा आणखी कुठल्या दुखण्याचे असाल तर नावं बदलून घ्या, बाकी मामला सेम आहे.

तर राग दोन असतात. एक नव्वद मिनिटांचा, मॅनेजरवर, खेळाडूंवर, व्हीएआरवर (व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासतात ते). दुसरा जुना मुरलेला, मालकावरचा. हे दोन मिक्स केले की गडबड होते, दोन मॅच जिंकल्या की मालक एवढाही वाईट नाही असं वाटायला लागतं आणि तिसरी हरलो की एखाद्या फुलबॅकच्या इन्स्टावर जाऊन त्याची आई-बहीण काढणारे निघतात (हे करू नका, साफ सांगतो, त्याने कोणाचंच भलं झालेलं नाही). ओळखायची माझी पद्धत अशी, मॅनेजर बदलूनही जे सुधारत नाही ते मालकाच्या खात्यावर टाकायचं. आमचा जुना मॅनेजर फर्ग्युसन 2013 ला गेला, त्यानंतर मोयेस, व्हान गाल, मूरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरीम, मधले हंगामी वेगळेच, आणि प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, एकदाही जिंकली नाही. 2024-25 ला तर 15 वा नंबर, 42 पॉइंट, 18 मॅच हरलो, वर बिलबाओला युरोपा लीगच्या (युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या नंबरची स्पर्धा) फायनलला लीगमध्ये 17 व्या आलेल्या स्पर्सनी 1-0 ने मारलं. आता एवढ्या सगळ्या मॅनेजरना फुटबॉल कळत नाही असं म्हणायचं का?

मग दुसरं काम, मालकाचा अभ्यास. 'ग्लेझर्स आउट' सगळे ओरडतात, का आउट हे विचारलं की निम्मे गप्प. थोडक्यात असं, 2005 ला अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने साधारण 79 कोटी पौंडांना क्लब घेतला आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता, ज्याचा बोजा नंतर क्लबवरच आला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे समजा एखाद्या बिल्डरने तुमची सोसायटी विकत घेतली, लोन सोसायटीच्याच नावावर चढवलं, हप्ते तुमच्या मेंटेनन्समधून फेडले, वर स्वतःला दरवर्षी काहीतरी काढून घेतलं, आणि गच्ची गळते म्हटल्यावर बघू म्हणाला. गच्चीचं मी उगाच म्हणत नाही, 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलच्या मॅचला आमच्या स्टेडियमच्या, ओल्ड ट्रॅफर्डच्या, छतावरून असं धो धो पाणी पडत होतं की आपल्या जुलैतल्या परळ स्टेशनला बरं म्हणावं.

आणि हे सगळं ऐकीव नाही, कागदावर आहे, फुकट वाचायला मिळतं. क्लब 2012 पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात लिस्टेड आहे, त्यामुळे दर तिमाहीचे आकडे आणि वर्षाचा मोठा रिपोर्ट जाहीर होतो. मुंबईतल्या माणसाला बॅलन्स शीटची भीती वाटायचं कारण नाही, आपल्याकडे लोकलमध्ये उभ्याने लोक तिमाही निकालावर भांडतात. सगळं वाचू नका, तीन जागा बघा. व्याजापोटी किती गेले, पगारापोटी किती गेले, आणि ट्रान्सफरचे, म्हणजे विकत घेतलेल्या प्लेयरचे, हप्ते किती द्यायचे बाकी आहेत. ही तिसरी ओळ लोक बघतच नाहीत आणि खरी गोम तिथेच असते, कारण आज घेतलेला प्लेयर पुढची चार वर्षं फेडत बसायचा असतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचे निम्मे वाद मिटतील. 6 कोटी पौंडांचा प्लेयर पाच वर्षांच्या करारावर घेतला तर हिशोबात एकदम 6 कोटी लागत नाहीत, दरवर्षी 1.2 कोटी लागतात. पण क्लबच्या स्वतःच्या अ‍ॅकॅडमीतून वर आलेला पोरगा विकला की त्याची घेतलेली किंमत शून्य, म्हणून आलेला सगळा पैसा त्याच वर्षीचा नफा. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा नको असा प्रीमियर लीगचा नियम डोक्यावर होता, तेव्हा क्लब काय करणार, घरचीच पोरं विकणार. अ‍ॅकॅडमीतल्या मॅक्टॉमिनेला असंच 2024 च्या ऑगस्टमध्ये इटलीच्या नापोलीला दिला, तो तिकडे पहिल्याच सीझनला लीग जिंकला आणि वर सेरी आ चा (इटलीची लीग) बेस्ट प्लेयर ठरला. तेव्हा आमच्या फॅन ग्रुपवर सगळे मॅनेजरला शिव्या देत होते, मॅनेजरचा दोष असेलही थोडा, पण त्या विक्रीमागचं गणित मालकांनी वर्षानुवर्षं करून ठेवलेल्या खर्चाचं होतं.

नवीन पार्टनर आला म्हणजे सुटलो असंही समजू नका. 2024 च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या अब्जाधीश जिम रॅटक्लिफने चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त घेतलं, फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे आला, आम्हाला वाटलं आता दिवस पालटणार. त्याने काय केलं तर पहिल्याच वर्षी अडीचशे जणांना घरी पाठवलं, पुढच्या वर्षी आणखी कपात जाहीर केली, फर्ग्युसनचा अ‍ॅम्बॅसेडरचा करार बंद, स्टाफचं फुकट जेवण बंद, आणि 2024-25 चा सीझन चालू असतानाच उरलेल्या तिकिटांचा रेट 66 पौंड केला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सूट नाही. यात काही खर्च खरंच फालतू असतील, मी नाही म्हणत नाही. पण मोठमोठ्या प्लेयरवर पैसे उडवून झाल्यावर कॅन्टीनच्या वरण-भातावर हात घालायचा हा कंजूषपणा आपण ओळखतो, ऑफिसात प्रत्येकाने बघितलेला आहे.

आता मुद्द्याचं, इतक्या लांबून आपण करू काय शकतो. शेअर घेऊन मालकाला जाब विचारतो असं एकजण ग्रुपवर म्हणत होता. घेता येतो शेअर, आता इथून अमेरिकेतले शेअर घेणं अवघड नाही, पण बाजारात मिळतो तो ए क्लासचा, त्याला एक मत, आणि ग्लेझरांकडचा बी क्लासचा, त्याला दहा मतं. त्यामुळे हौस म्हणून घ्या, जाब विसरा.

जर्सीचं पण तसंच. नवीन जर्सी न घेणं मी स्वतः पाळतो, जुनीवर भागवतो, पण खरं सांगायचं तर अदिदासचा करार 10 वर्षांचा किमान 90 कोटी पौंडांचा आहे, तुमच्या एका जर्सीने ग्लेझरच्या घरची चूल विझत नाही. झोंबतं ते स्पॉन्सरला. क्लब स्पॉन्सरला काय विकतो तर आपल्या डोळ्यांची संख्या विकतो, आणि त्यात भारत मोठा आकडा आहे, अपोलो टायर्ससारखी आपली कंपनी उगाच युनायटेडची पार्टनर झाली नव्हती. म्हणून स्पॉन्सरच्या पोस्टखाली, कस्टमर केअरच्या मेलवर, सभ्य भाषेत, एका परिच्छेदात लिहा की मी तुमचा ग्राहक आहे आणि या मालकांमुळे तुमचं नाव माझ्या डोक्यात खराब होतंय. शिव्या घातल्या की मेल डिलीट होतो, ग्राहक म्हटलं की कुठेतरी नोंद होते.

कुठला निषेध चालतो आणि कुठला नुसता फोटोपुरता राहतो हेही बघून ठेवा. 2010 ला युनायटेडच्या फॅन्सनी हिरवे-पिवळे स्कार्फ घातले, क्लबचं जुनं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे ते रंग, आमचाच जुना प्लेयर बेकहॅम मिलानकडून खेळायला आला तेव्हा त्यानेही एक गळ्यात घातला, फोटो जगभर गेला, मालक जागचे हलले नाहीत. आता हे बघा, 2016 च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने 77 पौंडांचं तिकीट काढलं तर हजारो लोक 77 व्या मिनिटाला उठून स्टेडियमबाहेर गेले, थोड्याच दिवसांत मालकांनी माफी मागून ते मागे घेतलं. (लिव्हरपूलचं कौतुक करायची वेळ आली, काय दिवस आलेत.) 2021 ला सुपर लीगचं (मोठ्या क्लबांनी आपापली वेगळी लीग काढायचं) भूत उठलं, फॅन्स रस्त्यावर आले, तेही दोन-तीन दिवसांत इंग्लंडच्या क्लबांनी गुंडाळलं. फरक कळला का? मागणी एकच आणि छोटी, आणि सगळे एकदम. 'मालक हाकला' ही मागणी पुरी करायला मालकाला स्वतःला हाकलावं लागतं, तो कशाला करेल. 'तिकिटाचा रेट कमी करा' हे तो करू शकतो.

इंग्लंडमध्ये 2025 ला फुटबॉलसाठी स्वतंत्र कायदा झाला, स्वतंत्र रेग्युलेटर (नियामक) आला, मालक लायक आहे की नाही हे तो तपासणार आणि क्लबचा बिल्ला किंवा होम शर्टचा रंग मनाला येईल तसा बदलता येणार नाही. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्यांसाठी आता एक दार तरी आहे. सपोर्टर्स ट्रस्टचं (फॅन्सची संघटना) मेंबर इथून होता येतं, मुंबईच्या फॅन क्लबमार्फतही म्हणणं पोचवता येतं.

आता झोपेचं. इंग्लंडचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं, हे कॅलेंडरवर मार्क करा नाहीतर तासभर आधी बसून जाहिराती बघाल. तिकडे शनिवारी दुपारी 3 ची मॅच म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. गंमत म्हणजे तिकडच्या लोकांना शनिवारची 3 ची मॅच टीव्हीवर दाखवतच नाहीत, आपल्याला दिसते, म्हणजे मनस्तापही आपल्यालाच जास्त. साडेपाचची मॅच म्हणजे दहा किंवा अकरा, ती बाहेर स्क्रीनिंगला बघायची तर शेवटच्या लोकलचं आधी बघून ठेवा, हरून वर कॅबला पैसे घालायचे हे फार लागतं. मधल्या वारी रात्री 8 ची म्हणजे आपली साडेबारा किंवा दीड, आणि क्लब असा खेळत असताना त्या सगळ्या बघायची काही गरज नाही. फिक्स्चर आले की मोठ्या मॅच निवडा, बाकीच्यांचे हायलाइट सकाळी चहाबरोबर.

मी हे 2025 च्या गणेश चतुर्थीपासून पाळतो. 27 ऑगस्ट, दिवसभर पाहुणे, आरत्या, मोदक, आणि रात्री साडेबाराला लीग कपात ग्रिम्सबीशी मॅच, चौथ्या डिव्हिजनचा क्लब, म्हटलं पटकन उरकेल. 2-2 झाली, मग 26 पेनल्टी, शेवटची आमच्या एम्बुमोने बारला मारली, 12-11 ने बाहेर. समईत तेल घालायला आई उठली होती, तिने मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "हरले ना? मग झोप आता, सकाळी दुर्वा आणायच्यात."

ग्रुपचा एक नियम करा, फायनल व्हिसलनंतर तासभर कोणीच काही टाकायचं नाही. आमच्याकडे झाला आणि अर्ध्या शिव्या आपोआप वाचल्या. ऑफिसातल्या आर्सेनलवाल्याला मात्र आपणच आधी फोन करायचा, त्याने सोमवारी गाठण्यापेक्षा बरं.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, थोडा वेळ इथल्या फुटबॉलला द्या. मालकाचं दुखणं इथे नाही असं नाही. महिंद्र युनायटेड 2005-06 ला नॅशनल लीग जिंकली आणि 2010 ला कंपनीने टीमच बंद केली. मुंबई एफसी 2017 ला आय-लीगमधून खाली गेली आणि नंतर दिसलीच नाही. मुंबई सिटीत 2019 ला मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपने 65 टक्के घेतले, ट्रॉफ्या आल्या, आणि 2025 च्या शेवटी आयएसएलचंच (इंडियन सुपर लीग) काही खरं नाही म्हटल्यावर त्यांनी काढता पाय घेतला. तरी अंधेरीच्या स्टेडियमला वेस्ट ब्लॉकवाले (मुंबई सिटीचे कट्टर फॅन) ढोल घेऊन उभे राहतातच. कोल्हापुरात बघा, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, या फुटबॉल खेळणाऱ्या तालमी पेठेच्या आहेत, त्या विकत घ्यायला कोणी येत नाही आणि आला तर पेठ त्याला शाहू स्टेडियमच्या बाहेरच ठेवेल.

अंधेरीला जायचं तर मेट्रोने आझाद नगरला उतरा, तिथून चालत आहे. त्याहून लहान हवं असेल तर कूपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा ग्राउंडला मुंबईच्या लोकल लीगच्या मॅच असतात, 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक मारणारा तोच हा नेव्हिल डिसूझा. टोपी आणि पाण्याची बाटली न्या, ऊन सणसणीत असतं. आणि रेफ्रीला काही बोलाल तर जपून बोला, तिथे त्याला स्पष्ट ऐकू जातं आणि तो उलट उत्तर देतो.