तारा कापला, चकती निघाली: नाताळच्या कुकीज करताना या चुका टाळा

नाताळला साच्याने कापायच्या बटर कुकीजचं प्रमाण तोंडपाठ होण्यासारखं आहे. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, आणि हे भाग वजनाने मोजायचे. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ३०० ग्रॅम मैदा. शिवाय एका अंड्याचा पिवळा बलक, पाव चमचा मीठ, एक चमचा व्हॅनिला. बेकिंग पावडर घालायची नाही, तिने कुकी फुगते आणि आकार बिघडतो. एवढ्यात मध्यम आकाराच्या ३०-३५ कुकीज होतात.

बटर वितळवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. २४ डिसेंबरची संध्याकाळ असते, मुलं साचे घेऊन ओट्याशी उभी असतात आणि बटर फ्रीजमधून काढायचं राहून गेलेलं असतं. मग ते मायक्रोवेव्हमध्ये जातं आणि अर्धं वितळूनच बाहेर येतं. पीठ सैल होतं म्हणून वरून मूठभर मैदा पडतो, लाटताना चिकटतं म्हणून आणखी एक मूठ. दहा मिनिटांनी ओव्हन उघडावा तर ताऱ्यांच्या जागी एकमेकांना चिकटलेल्या चकत्या, त्याही कडक. त्या घाबरगुंडीत दुसरी खेप त्याच गरम ट्रेवर मांडली जाते आणि ओव्हनमध्ये जाण्याआधीच पाघळायला लागते.

बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं. कुकी थंडगार असेल, तर आतलं बटर पूर्ण सैल होण्याआधी मैद्याला आकार धरायला वेळ मिळतो. आधीच वितळलेल्या बटरात ती सवड राहत नाही. वरून घातलेला मैदा पसरणं जरा रोखतो, पण खुसखुशीतपणा घालवतो.

बटर १८-२० अंशांवर हवं: बोटाने दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. उशीर झालाच असेल तर लहान तुकडे करून २० मिनिटं ताटलीत पसरून ठेवा. दुसरा कोणताही झटपट उपाय करू नका. साखरेबरोबर दोनच मिनिटं फेटा; जास्त फेटलं तर हवा भरते आणि कडा बोथट होतात. मैदा घातल्यावर गोळा जमला की हात थांबवा. मळत राहिलात तर कुकीज भाजताना आक्रसतात.

पुढे बहुतेक जण अख्खा गोळा फ्रीजमध्ये ठेवतात. तो दगडासारखा होतो आणि लाटताना तडकतो. त्यापेक्षा मऊ असतानाच दोन बेकिंग पेपरच्या मध्ये ५ मिलिमीटर जाड लाटा आणि ती लाटी आडवी, तासभर फ्रीजमध्ये ठेवा. कापलेले आकार ट्रेसकट पुन्हा १५ मिनिटं थंड करा. ही १५ मिनिटं वाचवण्यासारखी नाहीत. मग १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. कडा सोनेरी आणि मध्य फिकट दिसला की बाहेर काढा. मध्य सोनेरी होईपर्यंत थांबलात तर तळ करपतो.

छोट्या चुका

- पिठीसाखरेऐवजी दाणेदार साखर: भाजताना विरघळते, कुकी पसरते.
- एकाच ट्रेवर लहान-मोठे आकार: लहान जळतात. एका ट्रेवर एकच माप.
- काळा ट्रे: तळ लवकर करपतो. तापमान १० अंशांनी कमी ठेवा.
- पत्र्याचे जुने साचे ओले ठेवणं: गंजतात. धुऊन, पुसून, बंद केलेल्या पण कोमट ओव्हनमध्ये पाच मिनिटं सुकवा.

आजीच्या वहीतला ‘एक कप’

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कृती बिघडते ती बहुधा या शब्दापाशी. मैदा चमच्याने हलकेच भरला तर कपात १२०-१२५ ग्रॅम मावतो, कप पिठात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. तीन कपांत ७५ ग्रॅमचा फरक, म्हणजे दुसरीच कुकी. आजी घरात असेल तर तिला तिच्या कपाने, तिच्या हाताने भरायला सांगा, ते वजन करा आणि त्याच पानावर ग्रॅममध्ये लिहून ठेवा. तिची चव पुढच्या नाताळांपर्यंत पोचायची तर हे याच वर्षी करायला हवं.

कोमट कुकीवर आयसिंग

मुलांना थांबवणं अवघड असतं, हे खरं. पण कुकीत थोडीही ऊब असेल तर आयसिंग पातळ होऊन ओघळतं आणि सुकल्यावर डाग पडतात. म्हणून भाजणं एका दिवशी, रंगवणं दुसऱ्या दिवशी. मुलांनाही पूर्ण दुपार मोकळी मिळते.

एका अंड्याचा पांढरा भाग (३० ग्रॅम) आणि १५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर. लहान मुलं खाणार असल्याने कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज्ड पांढरा भाग घ्या. कडेच्या रेषेसाठी घट्ट ठेवा. आतल्या भरावासाठी थेंब थेंब पाणी घाला: सुरीने ओढलेली रेघ १० ते १५ सेकंदांत मिटली की पुरे. एक चमचा पाणी एकदम ओतलंत तर ते कडेबाहेर वाहतं.

रंगवलेल्या कुकीज रात्रभर उघड्यावर सुकू द्या. वरून कोरड्या वाटल्या तरी आत ओल असते, आणि तशाच डब्यात रचल्या तर सगळी नक्षी वरच्या कुकीच्या तळाला चिकटून निघते.