विकेट: फीडबॅक पॅनेल दर वेळी टार्गेटमध्ये टाकणं थांबवा

अपाची विकेट या जावा वेब फ्रेमवर्कमध्ये एजॅक्स बटणावर (पूर्ण पान रीलोड न करता काम करणाऱ्या) क्लिक झालं, सर्व्हरवर एररचा मेसेजही तयार झाला, पण स्क्रीनवर काहीच नाही. बहुतेकदा कारण एकच: त्या बटणाच्या ऑन-सबमिट किंवा ऑन-एरर मेथडमध्ये फीडबॅक पॅनेल (मेसेज दाखवणारा कंपोनंट) टार्गेटला, म्हणजे एजॅक्स उत्तरात बदलायच्या कंपोनंटच्या यादीला, ॲड करायचं राहून गेलेलं असतं.

पानापानावर ती ओळ लिहिण्यापेक्षा काम एका जागी करा:

१. तुमच्या वेबॲप्लिकेशन क्लासच्या इनिट मेथडमध्ये ‘गेट एजॅक्स रिक्वेस्ट टार्गेट लिसनर्स’ या कलेक्शनमध्ये स्वतःचा लिसनर (प्रत्येक एजॅक्स रिक्वेस्टला आपोआप चालणारा कोड) ॲड करा.

२. लिसनरची ‘ऑन बिफोर रिस्पॉन्ड’ मेथड ओव्हरराइड करा. टार्गेटकडून पेज घ्या, ‘व्हिजिट चिल्ड्रन’ने आय-फीडबॅक प्रकारचे कंपोनंट शोधा आणि ते टार्गेटमध्ये टाका. आउटपुट मार्कअप आयडी ट्रू असलेलेच घ्या, नाहीतर विकेट एक्सेप्शन फेकेल.

बस्स. जुन्या पानांवरच्या त्या ओळी राहिल्या तरी बिघडत नाही, सवडीने काढा.

मेसेज नसताना पॅनेल लपवत असाल, तर मात्र त्यावर ‘सेट आउटपुट मार्कअप प्लेसहोल्डर टॅग’ ट्रू करा. लपलेल्या पॅनेलचा टॅगच एचटीएमएलमध्ये नसेल, तर एजॅक्सला बदलायला जागाच सापडत नाही.

एखाद्याच बटणाच्या एजॅक्स रिक्वेस्टचं वागणं बदलायचं असेल, तर त्यासाठी सगळ्या ॲपचा लिसनर नको. त्या बटणाचं ‘अपडेट एजॅक्स ॲट्रिब्यूट्स’ ओव्हरराइड करणं बरं.