बोलण्यावरून माणसाचा धंदा कसा ओळखावा

कोल्हापुरात एखाद्याचा धंदा त्याला न विचारता ओळखायचा असेल, तर तो कोणती नावे घेतो याकडे फारसे लक्ष देऊ नये, कारण नावे कोणीही ऐकून उचलतो. त्याची क्रियापदे आणि मापे ऐकावीत.

‘मी अमुक तालमीचा’ एवढ्यावरून समोरच्याला पैलवान ठरवले, तर इथे हमखास फसगत होते. तालीम हे पेठेतल्या मंडळाचेही नाव असते आणि पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम यांची ख्याती आज फुटबॉलमध्ये आहे. म्हणून पुढचे वाक्य येऊ द्यावे. खासबाग मैदानात कुस्ती पाहून आलेला प्रेक्षक कोण जिंकला आणि कोण हरला ते सांगतो. मातीत उतरलेला माणूस मात्र कुस्ती ‘निकाली झाली’ की ‘बरोबरीत सोडवली’, आणि निकाली झाली असेल तर घिस्सा या डावावर की ढाक या डावावर, हे आधी सांगतो. तो व्यायाम करत नाही, ‘मेहनत’ करतो. ‘वस्ताद’ या हाकेला मात्र पुरावा मानू नये. ती आता चहाच्या गाड्यावरही ऐकू येते.

गुळाच्या बाबतीत मापे अधिक उपयोगी पडतात. गिऱ्हाईक किलोत बोलते. गुऱ्हाळावरचा माणूस दिवसाचे काम आधणांत, म्हणजे कढईभर रस उकळण्याच्या खेपांत, मोजतो आणि सौद्याला, म्हणजे लिलावाला, निघालेला माल रव्यांत, म्हणजे गुळाच्या ढेपांत. खात्री करण्यासाठी पाक झाला हे कसे कळते, असे सहज विचारावे. ऐकीव माहितीवर बोलणारा रंगाचे वर्णन करतो, तर गूळ बनवणारा गुळव्या थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बोटांनी वळून दाखवतो आणि काहील (रस उकळण्याची मोठी कढई) उतरवायला उशीर झाला तर काय बिघडते, हेही न विचारता सांगून टाकतो.

उद्यमनगरात, म्हणजे यंत्रकामाच्या कारखान्यांच्या भागात, एवढ्या खटाटोपाची गरज नाही. ‘दोन जॉब वाया गेले’ असे कोणी म्हणाले, तर नोकरीची चौकशी करू नये. लेथवरचे दोन नग बिघडले आहेत.

धंदा सुटला तरी त्याची बोली सुटत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. गुऱ्हाळ बंद केलेला शेतकरीही आधणांतच बोलतो. अशा वेळी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यात यंदा काय दर निघाला, हे विचारावे. जो अजून धंद्यात आहे, तो आकडा सांगून लगेच त्याबद्दल तक्रारही करतो.